कृष्णनाथाच्या तांबड्याचा रंग

आमच्या पाळी गावात वत्सलामावशीबद्दल असं बोलतात की ती हाक मारून लोकांची मांजरं घरी नेते आणि पार्लरचं ब्लीच लावून त्यांचा रंग उडवते, म्हणजे मालकाला ओळखू येत नाहीत.

सुरुवात कुणी केली ठाऊक नाही. गावभर केलं ते मी. गणेशचवथीच्या कार्यक्रमात देवळाच्या मंडपात नकलांसाठी मला दहा मिनिटं मिळाली, त्यातली सात मी मावशीला दिली. "ये गो बाये, ये..." शेवटचा 'ये' ती सुईतला दोरा ओढावा तसा नाकातून लांबवते. मग पदराआडून ब्रश, आणि मांजराचं फेशियल. मंडप हसून आडवा झाला. गॅरेजवाला कृष्णनाथ तर डोळे पुसत होता. मावशी तिसऱ्या रांगेत होती. तीही हसली, असं मी घरी सांगितलं. खरं म्हणजे मी तिच्याकडे पाहिलंच नव्हतं.

नकलेतलं मांजर कृष्णनाथाचं. त्याचं पंक्चरचं गॅरेज खनिजाच्या ट्रकांच्या रस्त्यावर आहे. तिथलं सगळंच तांबडं: टायर, पत्रे, त्याचं बनियन, आणि तांबडा नावाचा बोका. "ट्रकवाले हॉर्न मारून मेले तरी माझो बोको रस्त्यावरून हालना. राजा तो," असं तो येईल त्या गिऱ्हाइकाला सांगायचा. हे वाक्यही मी छान करते. गेल्या महिन्यात राजा नाहीसा झाला आणि मावशीच्या जनेलाच्या गजांआड पांढरं मांजर बसू लागलं.

कार्यक्रमानंतर दोन दिवसांनी आईचा ब्लाउज आणायचं निमित्त करून मी मावशीकडे गेले. मला नवीन वाक्यं हवी होती. मावशी लग्न होऊन पेडण्याहून आली त्याला तीस वर्षं झाली, पण बोलते अजून तिकडचंच. गळ्यात टेप, पायाखाली मशीन. पांढरं मांजर चिंध्यांच्या ढिगावर झोपलं होतं.

"बस गो गौरवी. एक बाही रवली आसा," ती म्हणाली. मग मान वर न करता, "रविवारी परत देतंय त्याका. कृष्णनाथ येऊन गेलो."

"म्हणजे खरंच त्याचंच?"

"त्याचाच. मी कधी नाय म्हटलंय? रंग तेवढो माझो नाय. तीनदा साबण लावलंय, तीन बाल्दी तांबडा पाणी गेला. फोनात फोटो आसा मां तुझ्या? कपाळ बघ त्याचा."

फोटो होता, तांबडा गॅरेजात असताना कृष्णनाथाच्या नकलेसाठी काढलेला. मी तो मोठा केला.

"खरा तांबडा माजर बिनपट्ट्याचा नसता. अंगावर नसले तरी कपाळावर पट्टे दिसतातच. आसत?"

नव्हते. कपाळ गोणपाटासारखं सपाट तांबडं होतं.

"धूळ रंग देता, नक्षी काढना. आणि तांबडो म्हणजे बोकोच, असा धरून चलतत. ही बाई आसा. एवढ्या दिवसांत त्याने शेपटी उचलून बघूक नाय." मशीन पुन्हा सुरू झालं. "तीन रंग दिसले की मात्र बाईच समज. तीन रंगांचो बोको मी आयुष्यात एकच ऐकलंय, तोही ऐकलंयच."

"मग हे कृष्णनाथकाकाला का नाही सांगितलंस?"

मशीन थांबलं.

"सांगूक लागलंय. त्याने माका काय म्हटला सांगू? 'ये गो बाये, ये.' तुझ्यासारखा जमना त्याका. शेवट चुकता."

मी फोन खाली ठेवला. तरी मी म्हटलं, "पण हाक मारूनच आणलंस ना तू तिला? लोक म्हणतात."

"तू म्हणतस." तिने दोरा दातांनी तोडला. "पैज लाव. माझी हाक तुझ्याकडे आसा, माझ्यापेक्षा बरी. मार. माजर वळला तर रविवारी देतंय. नाय वळला तर गॅरेजात जाऊन दिसला ता सांग. तुझ्या आवाजात, माझ्या नाय."

मी लगेच हो म्हटलं. तेव्हाही माझ्या डोक्यात एवढंच होतं की शेवटचा 'ये' किती लांबवायचा.

हाक अशी आली, जशी मंडपातही आली नव्हती. अंगणातून दोन मांजरं धावत येऊन माझ्या पायांना घासू लागली. पांढरी आता जागी होती. माझ्याकडे पाठ करून, हातभर अंतरावर, पंजा चाटत होती. मी पुन्हा हाक मारली. तिचा कानसुद्धा हलला नाही.

मावशीने जमिनीवर एकदा पाय आपटला. मांजर दचकून वळलं. दोन्ही डोळे निळे होते.

"पांढरा माजर आणि दोन्ही डोळे निळे, तर पुष्कळदा जन्मापासून ऐकू येना. सगळ्यांचा तसा नसता. हिचा आसा. टायराफुडसून उचलून हाडलंय तिका. हाक मारून खंयची येतली?"

ट्रकवाले हॉर्न मारून मेले तरी. हे वाक्य मी किती वेळा केलं होतं, आणि ते आज पहिल्यांदा ऐकत होते. ती मांजरं अजून माझ्या पायांना घासत होती. मला ती नको झाली.

"जा आता. आईक सांग बाही संध्याकाळी देतंय," मावशी म्हणाली.

गॅरेज दहा मिनिटांवर आहे. वाटेत 'कृष्णनाथकाका' एवढं म्हणून बघितलं, तर तीनदा मावशीचाच आवाज आला. चौथ्यांदा माझा आला, बारीक, मध्येच तुटणारा. त्याच आवाजात सगळं सांगितलं: पट्टे, साबण, डोळे, हॉर्न. नकलेचंही सांगितलं, पैज लावली होती हेही. कृष्णनाथकाका हसेल म्हणून मी थांबले. तो रस्त्याकडे बघत राहिला.

"रविवारी माजर परत हाडू नको म्हणून सांग तिका," तो म्हणाला. "आणि पैज?"

"मी हरले," मी म्हटलं.