काटा लालमध्ये

बदलापूरहून अंबरनाथकडे निघालो की पहिली दहा मिनिटं गाडी शहाण्यासारखी चालायची. चिखलोली आली, पुढे ट्रॅफिक तुंबला, की इंजिनाच्या तापमानाचा काटा वर सरकायला लागायचा. मग एसी बंद, इंजिनाची उष्णता कमी व्हावी म्हणून हीटर चालू, काचा खाली, आणि मी भर मे महिन्यात घामाने निथळत लाल रेषेकडे बघत बसलेला. शेवटी गाडी कडेला घेऊन बॉनेट उघडायचं. रिक्षावाले जाता जाता फुकटचा सल्ला टाकायचे, "भाऊ, पाणी मार ना वरून!" एकाला मी सांगितलं, तुझ्या रिक्षावर मार. तो हसत निघून गेला, मी तिथेच.

इंजिन बदलायची अक्कल माझीच. बाबांच्या जुन्या गाडीच्या इंजिनाने मान टाकली, तेव्हा उल्हासनगरच्या कॅम्प दोनमधून त्याच कंपनीच्या मोठ्या गाडीचं जुनं इंजिन आणलं आणि सोसायटीच्या पार्किंगमध्ये वजन उचलायचा चेन ब्लॉक टांगून आम्ही बापलेकांनी ते बसवलं. खरं तर गाडीवाचून माझं काही अडत नव्हतं, कामाला मी बाइकने जातो. पण आई गेल्यापासून बाबा तिसऱ्या मजल्यावरून खाली उतरेनासे झाले होते. दिवसभर घरात गप्प. जन्मभर कारखान्यात फिटर होते, फावल्या वेळात अर्ध्या आळीच्या गाड्या दुरुस्त करायचे. हा माणूस पान्याला तरी नाही म्हणणार नाही, असं मला वाटलं. तसंच झालं. रविवारी सकाळी सातला प्लास्टिकची खुर्ची घेऊन बाबा पार्किंगमध्ये हजर. "तो नको रे, बारा-तेराचा दे!" हा आवाज मी कित्येक महिन्यांनी ऐकत होतो.

इंजिन बसलं, पहिल्या चावीला सुरूही झालं. तापायचं मात्र थांबेना. जुना रेडिएटर छोटा पडतो म्हणून मोठा आणला, तर त्याची तोंडं उलट्या बाजूला. तीन वेगवेगळ्या गाड्यांचे रबरी होज कापून, मध्ये पाइपाचे तुकडे घालून, क्लिपा आवळून एक होज तयार केला. तो बॅटरीला घासायला लागला म्हणून बॅटरी सरकवली. पंखा बदलला, मग दुसरा लावला. वॉटर पंप नवा टाकला. सांडलेल्या हिरव्या कूलंटवरून सेक्रेटरीची बोलणी खाल्ली. काटा होता तिथेच. माझा एकेक रविवार मातीत जात होता, आणि बाबा मात्र दर आठवड्याला जास्त खुलत होते. ट्रायल फसली की त्यांच्याकडे नवं कारण तयार असायचं. पेपरच्या कडेला रेडिएटरचं चित्र काढून मला समजावायचे. मला त्या चित्राचाही राग यायला लागला होता.

शेवटी वैतागून गाडी एकटाच कॅम्प दोनला घेऊन गेलो. तिथल्या म्हाताऱ्या सिंधी रेडिएटरवाल्याने इंजिन तापू दिलं आणि रेडिएटरच्या खालच्या अंगाला हात लावला.

"ये तो ठंडा पड़ा है. पानी इधर आ ही नहीं रहा. थर्मोस्टेट है?"

"निकाल दिया."

"किसने बोला निकालने को?"

बाबांनी सांगितलं होतं. इंजिन बसवायच्या आधीच. "काढून टाक ते, आपल्याकडे काय बर्फ पडतो?" हाताखालून गेलेल्या प्रत्येक गाडीचा थर्मोस्टॅट त्यांनी असाच काढला होता. आपल्याकडे कितीतरी मिस्त्री तेच करतात, आणि कोणाचं बिघडलेलं मी पाहिलं नव्हतं. मीही न विचारता काढला. रेडिएटरवाल्याने नवा थर्मोस्टॅट माझ्यासमोर धरला. वर एक चकती, आणि या इंजिनाच्या थर्मोस्टॅटला खाली दुसरीही. इंजिन तापलं की वरची चकती रेडिएटरची वाट उघडते आणि खालची जवळची वाट बंद करते. तो नसेल तर गरम पाणी त्या जवळच्या वाटेने परत इंजिनातच फिरत राहतं. मग रेडिएटर केवढाही लावा.

नवा बसवला. घरी येईपर्यंत काटा अर्ध्यावरून हलला नाही. मला आनंद व्हायला हवा होता. पण तीन महिने डोळ्यांसमोर नाचत होते आणि डोकं नुसतं भणभणत होतं.

बाबा खुर्चीत वाट बघत बसले होते. "काय रे, कितीवर गेला?"

मी टूलबॉक्समधून जुना थर्मोस्टॅट काढून त्यांच्या मांडीवर टाकला. "तुमच्यामुळे झालं हे सगळं. माहीत नाही तर सांगता कशाला?" शेजारी दोघं आपापल्या गाड्या धूत होते. त्यांनी ऐकलं. माझा आवाज त्यांनी ऐकावा एवढा मोठा होता, हे मला तेव्हाही कळत होतं.

बाबांनी तो हातात घेऊन उलटा केला. अंगठ्याने गंज पुसला.

"ही खालची चकती मी बघितलीच नाही," ते म्हणाले. मग खुर्ची उचलून, कठड्याला धरत जिना चढून गेले. मी त्यांच्या हातातून खुर्चीसुद्धा घेतली नाही.

पुढच्या रविवारी सात वाजून गेले तरी ते उतरले नाहीत. मी उगाच बॉनेट उघडून उभा राहिलो, मग वर गेलो. ते गॅलरीत बसले होते.

"बाबा, काटा परत वर जातोय. जरा बघता का येऊन?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. "काल तू बाहेरून आलास तेव्हा मी इथंच होतो," ते म्हणाले. "गाडी लावल्यावर पंखा दोन मिनिटं फिरला आणि आपोआप बंद झाला. तापत असती तर फिरतच राहिला असता. आता काही बघायला नको तिला."