पाटलांची छाती

रिठदचे आमचे पाटील स्वतःचं नाव स्वतःच गाजवत. चावडीवर मिशी कुरवाळत म्हणत, "आपल्यावानी छातीचा मानूस पंचक्रोशीत नाई." पानसुपारी मिळेपर्यंत आम्ही माना हलवायचो.

एकदा भर दुपारी एका म्हातारीच्या गोठ्यात बिबट्या शिरला. आत तिचं एकुलतं वासरू होतं. अख्खं गाव पाटलांच्या दारात जमलं. पाटलांनी कुऱ्हाड उचलली. चालताना त्यांचं धोतर थरथरत होतं.

"पाटील, तुमी कायले जाता?" मी हळूच विचारलं.

"भ्या तर लय वाटून राह्यलं, बाप्पा. पन आता कोनत्या तोंडानं मांगं फिरू?"

ते एकटेच आत शिरले. बिबट्या भिंतीवरून उडी मारून पळाला. आम्ही आत गेलो, तर पाटील वासराला कवटाळून बसलेले. दोघंही कापत होते. वासरू आधी सावरलं.