पंख्याच्या जागी

दादाच्या हॉलमध्ये शिरल्यावर मी सवयीने वर पाहिलं. जिथे पंखा फिरायचा, तिथे प्रोजेक्टर उलटा टांगलेला होता. दादाने स्टँड घरीच केला होता. पंख्याचाच दांडा, त्याला प्लायवूडचा चौकोनी तुकडा आणि चार बोल्ट. काम नेटकं होतं, खोटं कशाला बोलू?

"अरे, पंखा कुठे गेला?"

"पात्यांची सावली पडद्यावर पडायची. आणि एवढा भक्कम हूक दुसरीकडे कुठे मिळणार?"

त्या पंख्याखाली आमच्या वडिलांची, नानांची, खुर्ची. ती तिथेच होती. मे महिन्याची दुपार, अंधार हवा म्हणून खिडक्या बंद, पडदे ओढलेले. नाना दुमडलेल्या वर्तमानपत्राने वारा घेत होते.

"बसवताना स्टूल मीच धरलं होतं हं," ते कौतुकाने म्हणाले.

म्हाताऱ्या माणसांना घरातून जा असं कुणी म्हणत नाही. त्यांच्या डोक्यावरचं तेवढं काढून घेतात, आणि स्टूल धरायला त्यांनाच बोलावतात. तीही येतात, वर "सांभाळून रे" म्हणतात.

सिनेमा सुरू झाला. वरून बारीक घरघर येऊ लागली.

"बिघडलाय का रे?" नानांनी विचारलं.

"नाही हो, आत छोटा पंखा आहे. त्याला सतत वारा लागतो, नाहीतर तापून खराब होईल."

"मग जपायलाच हवं," नाना म्हणाले आणि घामाने मऊ पडलेल्या वर्तमानपत्राची घडी उलटी करून पुन्हा वारा घेऊ लागले.