अस्वलाच्या रश्श्यातला कच्चा तुकडा

सिंगापुरात राहणाऱ्या माणसाला प्रवासाची एक अडचण असते. इथे प्रवास होतच नाही. यिशुनमधल्या आमच्या फ्लॅटमधून निघून एमआरटीने, म्हणजे इथल्या मेट्रोने, वन-नॉर्थच्या ऑफिसात पोचायला मला तासभर लागतो, आणि तेवढ्या वेळात देश जवळजवळ संपतो. जंगल आहे, पण त्याला पाट्या आहेत. त्यामुळे चार दिवस सलग सुट्टी आली की आम्ही सगळे विमानात बसतो, आणि परत आल्यावर एकमेकांना जेवायला बोलावून कोण कुठे गेलं आणि काय खाल्लं याची स्पर्धा लावतो.

या स्पर्धेत माझा मित्र अनिरुद्ध कायम पहिला असतो. तो बँकेत आहे, स्विमिंग पूलवाल्या महागड्या कॉंडोत राहतो, मूळ पुण्याचा. तिथे त्याच्या घरात अंडंसुद्धा येत नव्हतं. सिंगापूरला आल्यावर त्याने मांसाहार सुरू केला आणि मागचा सगळा अनुशेष भरून काढायला घेतला. मगर झाली, रेनडिअर झालं, कांगारू तर दोनदा. प्रत्येकाचा व्हिडिओ आहे. मी नागपूरचा. आमच्याकडे रविवारचं मटण हे साहस नव्हतं, तो रविवार होता. पण अनिरुद्ध टेबलावर बोलायला लागला की मलाही आपण मागे पडल्यासारखं वाटायचं. माझा हा ब्लॉग तेव्हा पन्नास-साठ लोक वाचायचे आणि त्यातले निम्मे नातेवाईक होते, हेही सांगून टाकतो.

गेल्या वर्षी अशाच एका जेवणात तो म्हणाला, "मिलिंद, अस्वल. रानटी. जपानमध्ये, होक्काइदोला. येतोस का?"

मी "हो" म्हणालो आणि मग बायकोकडे पाहिलं. प्रज्ञा जुरोंग आयलंडवर एका केमिकल प्लांटमध्ये सेफ्टी इंजिनिअर आहे. रोज पहाटे कंपनीच्या बसने जाते आणि दिवसभर माणसं कुठे कशी मरू शकतात याचा विचार करते. ती म्हणाली, "येते मी. पण थर्मामीटर घेऊन."

आमची मुलगी यशोधरा तेरा वर्षांची आहे. ती म्हणाली, "Papa, you all so bo liao lah." बो लियाओ म्हणजे रिकामटेकडे. ती मैत्रिणीकडे राहिली.

आता जाणाऱ्यांसाठी कामाचं. आम्ही नोव्हेंबरमध्ये गेलो. अस्वलं हिवाळ्याआधी खाऊन खाऊन लठ्ठ होतात, म्हणून चव तेव्हाची. थेट विमान मिळालं तर उत्तम, नाहीतर टोकियोला बदलावं लागतं. गाडी भाड्याने घ्या. सिंगापूरच्या लायसन्सवर इंटरनॅशनल परमिट सहज मिळतं आणि गाडी डावीकडूनच चालते. बर्फात चालणारे टायर आहेत ना, ते मात्र विचारून घ्या. आम्ही विचारलं नव्हतं. प्रज्ञाने विचारलं होतं. विमानतळापासून आमच्या गावापर्यंत तीन तास लागले. वाटेत एका विसाव्यावर अस्वलाच्या करीचे डबे शेल्फवर ओळीने मांडलेले दिसले. अनिरुद्धने सहा उचलले. प्रज्ञाने सहाही जागेवर ठेवले आणि सांगितलं, "असं मांस सिंगापुरात नेता येत नाही." तो म्हणाला, "वहिनी, कोण बघतंय?" ती म्हणाली, "मी."

गावाचं नाव लिहीत नाही. का ते पुढे कळेल. दीडदोनशे घरं, एक शाळा, मक्याची कापलेली शेतं आणि त्यावर पाऊलभर बर्फ. आमचं मुक्कामाचं घर एक म्हातारं जोडपं चालवतं, मोरी आजोबा आणि फुमिको आजी. त्यांची मुलगी नाओमी शहरात असते. इंग्रजी ईमेल आणि बुकिंग ती बघते. दोन जेवणांसकट राहण्याचा खर्च सिंगापुरातल्या साध्या हॉटेलापेक्षा कमीच पडतो. अस्वलाचं जेवण आधी कळवून ठेवावं लागतं आणि त्याचे पैसे वेगळे.

अस्वल मोरी आजोबांनीच मारलं होतं. वय पंचाहत्तरच्या पुढे, हात थोडे थरथरणारे. आम्ही फोनमधल्या अनुवादाच्या ॲपने बोलत होतो. सप्टेंबरभर ते अस्वल मक्यात येत होतं, मग शाळेच्या वाटेवर दिसायला लागलं, तेव्हा गावाने यांना सांगितलं. गावात बंदूक चालवणारे आता तिघेच उरलेत. अनिरुद्धने कॅमेरा सुरू करून विचारलं, "गोळी झाडली त्या क्षणी काय वाटलं? थरार?"

आजोबांनी बराच विचार केला. ॲपने त्यांचं उत्तर मराठीत वाचून दाखवलं, "गुडघे दुखत होते."

अनिरुद्धने तो भाग नंतर काढून टाकला.

दुसऱ्या दिवशी दुपारी आजींनी आम्हाला स्वयंपाकघरात येऊ दिलं. लोखंडी शेगडीवर मोठं भांडं होतं. मांस पातळ कापलेलं, गडद लाल, आणि कडेला दोन बोटं जाड पांढरी शुभ्र चरबी. पहिल्या उकळीचं पाणी आजींनी फेकून दिलं. मग आलं, साके म्हणजे तांदळाची दारू, आणि नवं पाणी. वर येणारा फेस त्या पळीने काढत राहिल्या, कंटाळा न करता. मिसो, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचा खारट लगदा, शेवटी. त्यांनी तीन बोटं दाखवली आणि ॲप म्हणालं, "कृपया अस्वलास तीन तास द्यावेत."

प्रज्ञाने पर्समधून टोचायचा थर्मामीटर काढला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आजींनी तो हातात घेतला, उलटसुलट पाहिला, आणि मागच्या खणातून स्वतःचा काढला. तो दुप्पट लांब होता. दोघी एकमेकींकडे बघून असं हसल्या, की पुढच्या दोन दिवसांत त्यांना ॲप लागलंच नाही.

मग प्रज्ञा आंघोळीला गेली आणि आजी शेडमधून कांद्याची पात आणायला बाहेर गेल्या. स्वयंपाकघरात मी आणि अनिरुद्ध. त्या नव्या पाण्यात आजींनी राहिलेले काप नुकतेच सोडले होते. पाच मिनिटंही झाली नव्हती.

"मिल्या," अनिरुद्ध म्हणाला, "सगळे लोक शिजवलेलं खातात. असं कुणी खाल्लेलं नाही. एक घे. मी शूट करतो."

"तू घे."

"मी कॅमेऱ्यामागे आहे ना. आणि घाबरतोस काय, डीप फ्रीझरमधलं मांस आहे, जे काय असेल ते मेलेलं असणार. नागपूरचा ना तू? सावजी पचवणारा?"

इथे मी वाचकांना एखादं मोठं कारण देऊ शकलो असतो तर बरं झालं असतं. नाही. नागपूरचं नाव काढलं आणि मी चॉपस्टिक उचलल्या. तुकडा बाहेरून राखाडी आणि मधे लाल होता. चावला जाईना, तसाच गिळला. कॅमेऱ्याकडे बघून मी म्हणालो, "रानाची चव!" खरं तर आल्याशिवाय कसलीच चव लागली नव्हती. आजी पात घेऊन आल्या तेव्हा आम्ही दोघं शहाण्यासारखे खिडकीतून बर्फ बघत होतो.

संध्याकाळी जेवण झालं ते मात्र मी विसरणार नाही. मुळा, पात, मातीच्या वासाची लांबट मुळं आणि अस्वल. चरबी ओठांवर ठेवली की वितळायची आणि चक्क गोडसर लागायची. मांस बोकड आणि म्हशीच्या मधलं कुठलंतरी, उग्र असेल म्हणून मी तयारीत होतो, पण नव्हतं. दोन्ही थर्मामीटर सत्तरच्या बरेच वर. मी बरोबर आणलेला सावजी मसाला एका वाटी रश्श्यात घालून आजींना दिला. दोन संस्कृतींच्या मीलनावर एक परिच्छेद मी विमानातच लिहून ठेवला होता. आजींनी एक घोट घेतला, दोन पेले पाणी प्यायल्या आणि वाटी आजोबांकडे सरकवली. आजोबांनी ती खिडकीत ठेवली. परिच्छेद खोडला.

परत आल्यावर पहिल्या आठवड्यात पोट बिघडलं. मी विमानातल्या जेवणाला दोष दिला. अनिरुद्धचा व्हिडिओ तोवर सगळ्या ग्रुपांवर फिरला होता, मथळा, "जपानच्या गुप्त घरात कच्चं अस्वल!" लोक मला लिफ्टमध्ये ओळखायला लागले. ब्लॉगवर हजारभर वाचक आले. मी फार खुशीत होतो.

पंधराव्या दिवशी डोळे सुजले. ताप आला. पोटऱ्या अशा दुखायला लागल्या की यिशुन स्टेशनचा जिना मला कठड्याला धरून चढावा लागला. ब्लॉकखालच्या क्लिनिकमध्ये डॉक्टरांनी विचारलं, "काही वेगळं खाल्लंत का?"

"Bear," मी म्हणालो.

"Beer? How many?"

"One piece."

त्यांनी पेन खाली ठेवलं. पुढच्या तासाभरात मी हॉस्पिटलमध्ये होतो. रक्त तपासलं, आणि मग नाव कळलं: ट्रिकिनेला. अस्वलाच्या मांसात राहणाऱ्या बारीक अळ्या. पोटात सुटतात आणि तिथून स्नायूंमध्ये जाऊन बसतात. अस्वलात सापडणाऱ्या या अळ्यांच्या काही जाती फ्रीझरलाही दाद देत नाहीत, हे डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा मला अनिरुद्धची आठवण झाली.

प्रज्ञा खुर्चीवर बसली होती. "मी स्वतः मोजलं होतं," ती म्हणाली. "प्रत्येक वाटीत. मग हे कसं झालं?"

मी चादरीची घडी नीट करायला लागलो.

तिने फोनवर तो व्हिडिओ काढला. ती तोवर असले व्हिडिओ बघत नव्हती. पूर्ण पाहिला. मला वाटलं आता भडकेल. तिने डायरी काढली आणि प्लांटवर अपघात झाला की विचारतात तसं विचारायला लागली.

"का खाल्लास?"

"अनिरुद्ध म्हणाला."

"त्याचं का ऐकलंस?"

"नागपूर काढलं त्याने."

"त्याने काय होतं?"

"कमीपणा वाटला."

"कुणासमोर?"

त्या स्वयंपाकघरात कुणी नव्हतंच. "लोकांना सांगायचं होतं," मी शेवटी म्हणालो. तिने ते लिहून घेतलं आणि खाली रेघ मारली.

एवढ्यावर संपलं असतं तर मी हे लिहिलं नसतं. पण मी आजारी पडल्याची बातमीही त्याच ग्रुपांवर फिरली, आणि व्हिडिओखाली लोक लिहायला लागले: या घरात जाऊ नका, कच्चं वाढतात, माणूस हॉस्पिटलात आहे. एकाने घर शोधून काढून पत्ताही दिला. आठवड्याभरात नाओमीचा ईमेल आला. तीन बुकिंग रद्द झाली होती आणि स्वयंपाकघराची तपासणी झाली होती. तपासणीत काहीच सापडलं नव्हतं. तिने मला दोष दिला नव्हता. फक्त विचारलं होतं, "आईने तुम्हाला कच्चं दिलं का? ती तीन दिवस झोपलेली नाही. तिला आठवत नाहीये."

तो ईमेल मी प्रज्ञाला दाखवला नाही आधी. बाथरूममध्ये जाऊन बसलो.

अनिरुद्धला फोन केला. तो म्हणाला, "अरे, मथळा बदलतो ना! डिलीट कशाला? असले व्ह्यूज माझ्या कुठल्याच व्हिडिओला नाहीत." मग प्रज्ञाने त्याला फोन केला. काय बोलली मला माहीत नाही, दार लावून बोलली. दहा मिनिटांत व्हिडिओ गेला.

मग मी नाओमीला व्हिडिओ कॉल लावला. तिच्या शेजारी आजी बसल्या होत्या, मागे आजोबा. मी सगळं सांगितलं. कांद्याची पात, पाच मिनिटं, चॉपस्टिक. नाओमी एकेक वाक्य आईला सांगत होती. आजी ऐकत होत्या, चेहरा हलत नव्हता. माझं संपल्यावर त्यांनी डोळे मिटले आणि मोठा श्वास सोडला. मग एक वाक्य बोलल्या.

"ती म्हणतेय, ताप उतरला का? भाताची पेज खा," नाओमी म्हणाली.

तेवढ्यात आजोबा पुढे झुकले, फोनमध्ये माझ्या सुजलेल्या पापण्या नीट बघितल्या आणि हसायला लागले. थांबेचनात. नाओमीने दोनदा विचारलं, मग तीही हसायला लागली. बावीस वर्षांचे असताना आजोबांनीही हेच केलं होतं. मित्रांसमोर. महिनाभर अंथरुणात होते. लग्न ठरलेलं, ते पुढे ढकलावं लागलं.

"आणि आई सांगतेय," नाओमी म्हणाली, "म्हणून ती त्यांना भांड्याजवळ एकटं सोडत नाही. तुम्ही पाहुणे होता, म्हणून सोडलं. चूक झाली म्हणते."

तर हे मी नीट लिहून ठेवतो. त्या घरात अस्वल तीन तास शिजतं. तिथे कच्चं कुणाला देत नाहीत. मी चोरून खाल्लं. हा मजकूर नाओमीने जपानीत करून त्यांच्या पानावर लावला आहे, माझ्या सुजलेल्या फोटोसकट. फोटो माझ्या परवानगीने आहे. बुकिंग पुन्हा सुरू झाल्याचं ती परवा म्हणाली. जायचं असेल तर जरूर जा. मला विचारा, पत्ता देतो. अट एकच, टेबलावर बसून जेवायचं.

शेवटच्या तपासणीला यशोधराही बरोबर होती. डॉक्टर म्हणाले, औषधाने पोटातल्या अळ्या गेल्या. ज्या आधीच स्नायूंमध्ये पोचल्या, त्यांच्याभोवती शरीर भिंत बांधतं. त्या आत तशाच राहू शकतात, कदाचित अनेक वर्षं. बहुधा त्रास देत नाहीत.

यशोधराने माझ्या पोटरीकडे बघितलं. "Wah, so fast they get PR," ती म्हणाली.

सिंगापुरात कायमचं राहायचा हा परवाना आम्हाला तिसऱ्या अर्जात मिळाला होता.