मुगाच्या मुळांवरच्या गाठी

माझं शिक्षण चौथीपर्यंत, अक्षर वाकडं. कोणी वाचलंच तर चुका सांभाळून घ्याव्यात.

माती तपासणीचे भाऊ आमच्या गावाला, असोद्याला, सायकलने यायचे. मुगाचं रोप उपटून मुळांवरच्या गाठी मोजायचे; गाठी जास्त तर पीक जोमाचं. कारखान्याच्या पाण्यातले धातू मुरून आमचा मूग पिवळा पडायचा. त्यावर उतारा म्हणून भाऊंनी पदरच्या पैशाने चुना आणून दिला. “अक्का, खत महिन्याने. एकत्र नको.”

मजुरी वाचवायला मी दोन्ही एकाच दिवशी टाकलं. खत वाया गेलं, मूग खुरटला.

“बठ्ठं वावर यानीच बिघाडं!” सगळं शेत भाऊंनीच बिघडवलं म्हणून दीर बांधावरून त्यांच्यावर ओरडले.

भाऊंनी मातीतले खताचे दाणे पाहिले, मग माझ्याकडे. म्हणाले, “चुना मीच दिला. चूक माझीच.”

मी खाली वाकून तण उपटू लागले.

पुढच्या वर्षी खत महिन्याने टाकलं, मुगाने गाठी धरल्या. दिरांना खरं सांगणं राहिलंच. भाऊंचे चुन्याचे पैसे तेवढे पै न् पै फेडले.