उघड्या छातीचा राजपुत्र

जावा बेटावरच्या सोलो शहरातल्या आमच्या नाट्यगृहात राजपुत्र उघड्या छातीनेच नाचतो. हर्जोकोला ती भूमिका वीस वर्षं हवी होती. पण त्याची छाती बाईसारखी भरलेली, म्हणून तो अंगरखा घातलेल्या प्रधानाचीच कामं करायचा, तीही खांदे पुढे पाडून. गेल्या वर्षी त्याने छातीची शस्त्रक्रिया करून घेतली. डावीकडे खळगा पडला आणि उजवी बाजू थोडी फुगीरच राहिली. "वर्षभर थांबा, मग दुरुस्तीचं बघू," डॉक्टर म्हणाले.

अखेर राजपुत्राची भूमिका मिळाली, त्या संध्याकाळी मी त्याची रंगभूषा करायला गेलो, तर तो रंगपटात शर्ट घालून बसून राहिलेला.

"काका, आज माझ्या जागी तुम्हीच उभे राहा. मला लोक हसतील."

"अरे, मी सत्त्याहत्तर वर्षांचा! मला बघून रडतील."

त्याची बायको लास्त्री आमचे पोशाख सांभाळायची. ती म्हणाली, "आठ महिने हा आरशाशीच संसार करतोय, काका."

मी त्याला शर्ट काढायला लावला आणि राजपुत्राच्या अंगाला लावतात तो पिवळा लेप चोपडू लागलो. खळगा काही त्याने बुजला नाही, खोटं कशाला सांगू? पण खांद्यांपाशी माझा हात थांबला. कायम पुढे ओघळलेले ते खांदे आता ताठ मागे गेले होते, आणि त्याला त्याचा पत्ताच नव्हता.

"हर्जो, चार पावलं चाल बघू."

तो चालला. लास्त्रीच्या हातातली सुई थांबली. "अगंबाई, हा उंच कधी झाला?"

हर्जोको आरशाकडे वळला, मग माझ्याकडे.

"डावीकडे अजून थोडा लावा, काका," तो म्हणाला. वाद्यं सुरू झाली आणि तो उघड्या छातीने रंगमंचावर गेला.