नाव चुकलेलं पदक

जव्हारहून मोखाड्याला जाणाऱ्या जीपमध्ये तो माझ्या शेजारी बसला होता. निवृत्तीला आलेला सरकारी शिपाई. छातीवर दीर्घ सेवेचं नवंकोरं पदक. घाटातल्या वळणावर सगळे दांडी धरायचे, तो पदक धरायचा आणि दर वेळी माझ्या अंगावर यायचा.

मी अभिनंदन केलं, तसं त्यानं पिशवीतून प्रमाणपत्र काढलं. त्यावरचं नाव मी मोठ्यानं वाचलं.

"तो मी नाय," तो शांतपणे म्हणाला. "नाव चुकलंय. पन वर्षं बरोबर हायेत."

"मग दुरुस्तीचा अर्ज करा की!"

"कचेरीत टपाल मीच फिरवतो. माझा अर्ज मीच टेबलाटेबलावर न्यायचा, आन् साहेब मीटिंगला गेलेत, असं मलाच सांगायचं."

सगळी जीप हसली. तो मात्र हसला नाही. गाव जवळ येऊ लागलं तसा तो कागदाची घडी घालायचा, पुन्हा उघडायचा.

"घरी काय सांगू?" तो हळूच म्हणाला. "तिनं सगळ्या पाड्याला सांगून ठेवलंय."

फाट्यावर त्याची बायको उभीच होती. उतरल्या उतरल्या त्यानं कागद तिच्या हातात दिला आणि झालेली चूक सांगून टाकली. तिनं कागद काखेत धरला आणि पदराच्या टोकानं पदक पुसलं.

"असू दे," ती म्हणाली. "लग्नापासनं तुमचं नाव मी तरी कवा घेतलंय?"